यादीतील नाव

संस्थेच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख लिहून द्यावा, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा ज्ञातीचे मूळस्थान, कुलदैवत अथवा जुने दाखले यांविषयी आम्ही काही लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मागील स्मरणिकांतून अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यात भर घालण्याइतका आमचा व्यासंग नाही. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपली जी वार्षिक सभा भरली, तीत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली एक तक्रार निघाली होती. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांतील पुरुषांनी मत दिले. पण त्याच घरातील आई अथवा सून यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत आली. हा विषय राजकारणाचा असून ज्ञातिसंस्थेच्या कक्षेत येत नाही, असे सांगून अध्यक्षांनी तो तेथेच मिटविला. अध्यक्षांचा मान राखूनही आम्हांस असे नमूद करावेसे वाटते की, तो विषय पक्षाचा नव्हता, आणि त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. तोच येथे यथामती मांडीत आहोत.

मतदानाच्या दिवशी होणारा मनस्ताप दोन तऱ्हांचा असतो. एक डोळ्यांस दिसणारा. उन्हात लांबलेली रांग, वृद्धांस टेकावयास जागा नाही, पाण्याची सोय नाही, आणि भ्रमणध्वनी आत नेऊ देत नाहीत पण बाहेर ठेवावयास कोणी जबाबदार माणूसही नाही. २० मे २०२४ रोजी मुंबईत हे सर्व घडले. अनेक केंद्रांवर मतदान इतके संथ चालले की, लोक रांग सोडून घरी गेले. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. त्याचा परिणाम म्हणून म्हणा, त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी रांगेत बाके व खुर्च्या ठेवण्याच्या सूचना निघाल्या. २०२५ साली निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर भ्रमणध्वनी जमा करून घेण्याची व्यवस्था करण्याचे ठरविले, आणि एका केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या १५०० वरून १२०० करण्याचाही निर्णय झाला. ओरड केल्याने जे सुधारते, ते हे असे सुधारते. दुसरा मनस्ताप मात्र रांग संपल्यावर येतो. पहिला मतदान अधिकारी यादीची पाने उलटतो, पुन्हा उलटतो, आणि मान हलवितो. त्या माणसास वाटते की, आपणांस आज अडविले. वस्तुतः त्यास कित्येक आठवडे, कधीकधी कित्येक वर्षे आधीच अडविलेले असते. आमच्या लेखाचा विषय ही दुसरी अडवणूक होय.

मतदार यादी हा प्रकार आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला, आणि प्रथमपासून ती यादी माणसांची नसून मालमत्तेची होती. १८७२ च्या कायद्याने मुंबई शहराच्या कारभारात करदात्यांनी निवडलेले सभासद घेण्याचे ठरले. करदाता म्हणजे वर्षाकाठी ठरावीक रकमेचा कर भरणारा इसम. ज्या गिरण्यांनी मुंबईस वैभव आणले, त्या गिरण्यांतील कामगारास व चाळीतील बिऱ्हाडकरूस त्या यादीत शिरकाव नव्हता. भाडेकरूंस तो हक्क मिळण्यास १९२२ साल उजाडावे लागले, आणि सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांवर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती थेट १९४८ साली.

प्रांतिक कायदेमंडळांची गोष्ट याहून निराळी नव्हती. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी जो मताधिकार दिला तो जमिनीचा सारा, घराचे भाडे, प्राप्तीवरील कर असल्या गजांनी मोजून दिला. स्त्रियांचा प्रश्न त्या वेळी प्रथमच जोराने पुढे आला. साउथबरो समितीने, येथील समाजस्थिती व पडदा पाहता स्त्रियांना मत देणे अकाली होईल, असा अभिप्राय दिला. तो खोडून काढण्यासाठी मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन या मायलेकी १९१९ साली विलायतेस गेल्या आणि त्यांनी तेथे पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर सोपविला. मद्रासने व त्यामागोमाग मुंबईने १९२१ साली स्त्रियांवरील बंदी उठविली. बंदी उठली, पण सारा व भाडे यांची अट राहिलीच. आता सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असलेली बाई त्या काळी गावात किती सापडणार? कायद्याने दार उघडले आणि उंबरा छातीइतका उंच ठेवला, असेच म्हणावे लागते.

१९३५ च्या कायद्याने हा उंबरा थोडा खाली आला. त्या कायद्याप्रमाणे प्रांतिक निवडणुकांसाठी देशात सुमारे साडेतीन कोटी मतदार झाले, म्हणजे लोकसंख्येच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यास मत मिळाले. आमच्या मुंबई प्रांतात मॅट्रिकची परीक्षा उतरलेल्यास मालमत्तेवाचूनही मत होते. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. त्या काळी असतो तर केवळ एका दाखल्याच्या जोरावर आमचे नाव यादीत चढले असते, आणि आमच्याहून चौपट व्यवहारज्ञान असलेला पण शाळेचे तोंड न पाहिलेला आमचा शेजारी बाहेर राहिला असता. हे वाचून आम्हांस अभिमान वाटण्याऐवजी संकोच वाटला. स्त्रियांसाठी साक्षरता पुरेशी धरली होती. याखेरीज आणखी एक वाट त्यांना ठेवली होती, ती म्हणजे पतीच्या पात्रतेची. पती अमुक मालमत्तेचा धनी असला की, त्याची पत्नी म्हणून तिला मत. त्या वाटेने पुष्कळ स्त्रिया यादीत आल्या हे खरे. पण त्या आल्या त्या ‘अमक्याची बायको’ म्हणून आल्या, ही गोष्ट पुढे काय झाले ते समजण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी त्या काळी मोठ्या हौसेने ज्ञातीच्या खानेसुमाऱ्या केल्या. गावोगाव पत्रे पाठवून माहिती मागविली, आणि घरटी माणसे, शिक्षण, धंदा, गोत्र यांची कोष्टके छापली. अशा ज्या दोन-चार जुन्या वह्या आमच्या पाहण्यात आल्या, त्यांत पुरुषांची नावे वडिलांच्या व आडनावाच्या थाटासह लिहिलेली आहेत. लहान मुलग्यांचीही आहेत. स्त्रियांच्या रकान्यात मात्र बहुधा आकडा आहे. ‘स्त्रिया ३, पैकी विधवा १.’ इंग्रज सरकारने बायकांना नवऱ्याच्या नावाने ओळखले म्हणून त्यास दोष द्यावा तर आमच्या पूर्वजांनी तेवढेही केले नाही.

घटना समितीने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले आणि सारा, भाडे, दाखला हे सगळे गज एका फटक्यात मोडून टाकले. घटनेच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास मत दिले. (ही मर्यादा १९८९ पासून अठरा वर्षे झाली.) ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात अथवा लिंग यांवरून कोणास यादीतून वगळू नये, असे सांगितले. घटना अमलात येण्याआधीच, १९४८ पासून, घरोघर फिरून नावे टिपण्यास प्रारंभ झाला होता. ते काम केवढे होते, याची कल्पना आज येणे कठीण. १७ कोटी ३२ लक्ष मतदारांची नावे हाताने लिहावयाची, टंकलिखित करावयाची, छापावयाची! त्यासाठी सहा महिन्यांच्या कराराने साडेसोळा हजार कारकून नेमले होते, आणि नुसत्या याद्या छापण्यास ३ लक्ष ८० हजार रीम कागद लागला. हे सर्व ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे बंगालमधील आय.सी.एस. अधिकारी होते. त्यांचे नाव आज शाळेच्या क्रमिक पुस्तकांत शोधावे लागते, याचा आम्हांस शिक्षक या नात्याने विषाद वाटतो.

या प्रचंड कामात एक अडचण अशी आली, की जी कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नव्हती. नोंद करणारा माणूस दारात उभा राहून विचारी, ‘घरात एकवीस वर्षांवरील बायका किती, आणि त्यांची नावे काय?’ संख्या सांगितली जाई. नाव सांगितले जात नसे. परक्या पुरुषास घरच्या बाईचे नाव सांगणे हे कित्येक प्रांतांत अप्रतिष्ठेचे मानीत. मग यादीत लिहिले जाई, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’. प्रारंभी गावपातळीवर ते तसेच चालून गेले. परंतु आयोगाने ठरविले की, मतदाराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने झाली पाहिजे, आणि ज्या स्त्रीचे नाव मिळत नसेल तिची नोंद यादीत ठेवता येणार नाही. त्यासाठी मुदत दिली, प्रचार केला. बिहारात एक महिना मुदत खास वाढवून दिली, आणि तेथे तिचा चांगला उपयोगही झाला. इतके करून देशातील सुमारे आठ कोटी स्त्रीमतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांची नावे शेवटी गाळावी लागली. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या.

सेन यांच्या या निर्णयाविषयी दोन मते संभवतात. २८ लक्ष स्त्रियांचे मत पहिल्याच निवडणुकीत बुडाले, हे लहान नुकसान नव्हे. आणि त्या बायकांना कोणी विचारलेही नसेल, कारण नाव सांगण्यास नकार देणारे बहुधा घरचे पुरुषच होते. दोष पुरुषांचा आणि शिक्षा स्त्रियांस, असा तो प्रकार झाला. तथापि दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. ‘अमक्याची आई’ म्हणून केंद्रावर कोणतीही बाई उभी राहू शकते. खरी कोणती आणि तोतया कोणती, हे अधिकाऱ्याने कसे ठरवावे? आणि याहून मोठी गोष्ट अशी की, त्या वेळी जर आयोगाने माघार घेतली असती, तर आजही आपल्या याद्यांत अर्धी प्रजा दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली राहिली असती. पुढील निवडणुकांत त्याच प्रांतांतील स्त्रिया आपापल्या नावाने यादीत आल्या. आम्ही आमचे मत सेन यांच्या बाजूने नोंदवितो. मात्र त्या २८ लक्षांत आमची आजी असती, तर ते इतक्या सहज नोंदविता आले असते की नाही, याची आम्हांस शंका आहे.

वरील यादीत तेव्हाच्या मुंबई राज्याचे नाव नाही, हे पाहून आपणांस समाधान वाटेल. आपल्याकडे बाई नवऱ्याचे नाव घेताना लाजते व उखाण्यात गुंफून घेते. स्वतःचे नाव सांगण्यास तिला बंदी नव्हती. परंतु आपल्याकडची अडचण निराळी आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपण लग्नात मुलीचे नावच बदलतो. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते, टाळ्या पडतात, पेढे वाटतात. आणि त्या क्षणापासून एका माणसाची दोन माणसे होतात. माहेरची सुमन सासरची सुनंदा होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सुमन, शिधापत्रिकेवर सुनंदा, बँकेत एक, आधारपत्रावर दुसरे. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते. पूर्वीच्या नावातील एकही शब्द नव्या नावात उरत नाही. अशा बाईस सरकारी यादीने ओळखावे तरी कसे?

याची उदाहरणे आम्ही स्वतः पाहिली आहेत. शाळामास्तरकीच्या नोकरीत निवडणुकीचे काम कोणास चुकत नाही. १९८९ पासून सेवानिवृत्तीपर्यंत लोकसभा, विधानसभा व जिल्हा परिषद मिळून आम्ही अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी, आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने मतदाराचे नाव मोठ्याने वाचावयाचे असते, ते अशासाठी की, उमेदवारांच्या प्रतिनिधींस काही हरकत असल्यास त्यांनी ती तेथेच घ्यावी. एका लहान गावी आम्ही असे एक नाव वाचले. समोर चाळिशीची बाई होती. तिच्या हातातील ओळखपत्रावर सासरचे नाव, यादीत माहेरचे नाव आणि पुढे पतीचे. एका प्रतिनिधीने हरकत घेतली, दोन रुपये भरले. आम्ही तिला विचारले, ‘बाई, हे नाव तुमचेच का?’ ती म्हणाली, ‘माझंच आहे गुरुजी, पण त्या नावानं वीस वर्षांत मला कुणी हाक मारलेली नाही.’ गावचे पोलीस पाटील जवळच होते. त्यांनी तिची ओळख पटविली, आणि तिने मत दिले. लेखनातील व छपाईतील चुकांकडे, माणूस तोच आहे अशी खात्री पटल्यास, केंद्राध्यक्षाने दुर्लक्ष करावे, असा नियमच आहे. तो नियम पुष्कळ अधिकाऱ्यांस ठाऊक नसतो, आणि ज्यांस ठाऊक असतो त्यांतील काहींस तो वापरण्याचे धैर्य होत नाही.

पण जेथे नावच नाही, तेथे सर्व नियम खुंटतात. दुसऱ्या एका केंद्रावर नुकती लग्न होऊन आलेली, शिकलेली मुलगी आली होती. माहेरच्या गावी भावाने ‘लग्न होऊन गेली’ असे सांगितले, म्हणून तेथील नाव कमी झाले. सासरी कोणी अर्ज केला नाही. सासू, सासरे, नवरा, दीर या सर्वांनी तिच्यादेखत मत दिले, बोटास शाई लावून घेतली, आणि ती दाराशी उभी राहिली. ‘मी भारताची नागरिक नाही का?’ असे तिने विचारले. आहेस, पण यादीत नाहीस, एवढेच आम्ही सांगू शकलो. दुसऱ्या कोणी आपल्या नावावर आधीच मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदारास प्रदत्त मत देता येते. ते वेगळ्या पाकिटात बंद होते. यादीत नसलेल्यास तेवढेही नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नामनिर्देशनपत्रे भरण्याची शेवटची तारीख उलटली की, ती निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. म्हणजे मतदानाच्या काही आठवडे आधीच ते दार बंद होते, आणि आपण दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्याच दारात जाऊन ते ठोठावतो. त्याच कायद्याने असेही सांगितले आहे की, स्थलांतर अथवा अपात्रता या कारणांनी कोणाचे नाव काढावयाचे झाल्यास त्यास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. १९९५ साली लालबाबू हुसेन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आधीच्या यादीत असलेले नाव विधिपूर्वक आलेले आहे असे धरून चालावे व पुरेशा चौकशीवाचून ते काढू नये, या अर्थाचा निवाडा दिला. कायदा असा चांगला आहे. व्यवहार कसा आहे, ते २०१४ साली दिसले. १७ एप्रिल रोजी पुण्यात आणि २४ एप्रिल रोजी मुंबईत मतदान झाले, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच घरात राहणाऱ्या, त्याच केंद्रावर मत देत आलेल्या हजारो लोकांस आपली नावे सापडली नाहीत. नामांकित उद्योगपती व नाट्यचित्रसृष्टीतील परिचित मंडळीही त्यांत होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि निवडणूक आयुक्त ब्रह्मा यांनी महाराष्ट्रातील या गोंधळाबद्दल जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी व्यक्त करणारा अधिकारी दुर्मिळ, म्हणून आम्ही त्यांचा आदर करतो. पण दिलगिरीने मत परत मिळत नाही.

शहरात नावे गळतात याचे एक कारण आपल्या परिचयाचे आहे. जुनी चाळ पुनर्विकासास जाते, बिऱ्हाडे दोन-चार वर्षांसाठी भाड्याच्या जागेत पांगतात, तपासनीस येतो तेव्हा तेथे खड्डा असतो, आणि तो ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून निघून जातो. त्याच्याही बाजूने बोलले पाहिजे, कारण हा तपासनीस म्हणजे बहुधा आमच्याच पेशातील एखादा शिक्षक अथवा अंगणवाडीतील सेविका असते. शाळेचे काम सांभाळून, चार मजले चढून, बंद दारे पाहून ती परत येते. उघडलेल्या दारातून ‘नंतर या’ असे ऐकते ते निराळेच. कोकणातील घर आणि मुंबईतील बिऱ्हाड अशा दुहेरी संसाराचाही येथे घोटाळा होतो. गावी घर आहे म्हणून नाव गावीच ठेवावे, असे पुष्कळांस वाटते. कायदा मात्र म्हणतो की, केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथील रहिवासी ठरत नाही. आणि दोन्हीकडे नाव ठेवणे हे तर कायद्याविरुद्धच आहे.

यादीत नाव असून मत बुडाल्याची एक तऱ्हा आम्हां निवडणूक-कर्मचाऱ्यांच्या वाट्यास येत असे, ती जाता जाता सांगतो. दुसऱ्यांची मते घेण्यास ज्यांस पाठविले जाते, त्यांनी आपले मत टपालाने द्यावयाचे. एका निवडणुकीत आम्ही टपाली मताचा अर्ज प्रशिक्षणाच्या दिवशीच भरून दिला होता. मतपत्रिका घरी पोहोचली ती निकाल लागून गुलाल धुतला गेल्यावर! संबंधित कचेरीत विचारणा केली तेव्हा ‘जावक क्रमांक सांगा’ असे उत्तर मिळाले. पत्र पाठविणारे ते, आणि जावक क्रमांक आम्ही सांगावयाचा. २०२३ साली नियम बदलून अशा कर्मचाऱ्यांनी टपालावर न विसंबता सुविधा केंद्रातच मत द्यावे, अशी व्यवस्था झाली आहे. आमच्या नंतरच्या शिक्षकांचे ते भाग्य.

एका मताने काय होते, असे विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात एका उमेदवारास ६२,२१६ मते पडली व दुसऱ्यास ६२,२१५. पडलेले उमेदवार, सी. पी. जोशी, हे मुख्यमंत्रिपदाचे एक दावेदार मानले जात होते. त्या गावी त्या दिवशी यादीत नाव न सापडून किती जण परतले असतील, कोण जाणे.

इतिहास किती हट्टी असतो, याचे ताजे उदाहरण पुन्हा बिहारचेच आहे. २०२५ साली तेथे मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत पूर्वीची सुमारे ६५ लक्ष नावे आली नाहीत. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे आयोगाने सांगितली. आक्षेप घेणाऱ्यांनी ती मान्य केली नाहीत. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी गाळलेल्या नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. त्या वादात कोणाचे किती खरे, यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे लक्ष त्या आदेशातील एका साध्या गोष्टीकडे गेले: गाळलेल्या माणसाचे नाव आणि कारण लोकांस वाचावयास मिळाले पाहिजे. १९५१ साली गाळलेल्या २८ लक्ष स्त्रियांच्या बाबतीत अशी यादी करता येणेच शक्य नव्हते. नावे नव्हती म्हणूनच तर त्या गळल्या होत्या.

आता आपल्या घरची गोष्ट. नवे नाव घालण्यास नमुना ६, दुरुस्तीस अथवा पत्ता बदलण्यास नमुना ८, आणि नाव काढण्यास अथवा त्यास हरकत घेण्यास नमुना ७, असे अर्ज आहेत. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता-तारीख होती. २०२१ च्या दुरुस्तीने आता जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात, त्यामुळे अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींस वर्षभर थांबावे लागत नाही. सभेतील तक्रारीनंतर आम्ही त्या कुटुंबांची भेट घेतली. अकरा स्त्रियांपैकी सात जणींचे नाव लग्नानंतर माहेरच्या यादीतून गेले होते, आणि सासरी कधी चढलेच नव्हते. त्यांतील एकीच्या लग्नास चौदा वर्षे झाली होती. दोघींची नावे यादीत होती, पण माहेरच्या नावाने, आणि घरातील कोणाच्या ते ध्यानातही आले नव्हते. उरलेल्या दोघींची नावे का गेली, याचे उत्तर आम्हांस मिळाले नाही. कारणाची नोटीस त्यांस कधी आली नव्हती, आणि हा दोष सर्वस्वी कचेरीचा होय. नऊ जणींचे अर्ज आम्ही व आमच्या पत्नीने बसून भरून घेतले. एका घरी सासरेबुवा म्हणाले, ‘गुरुजी, एवढी घाई कशाला? पुढची निवडणूक अजून लांब आहे.’ त्यांच्या सुनेने तोवर सही केली होती.

या खटपटीत आम्हांस आपल्या संस्थेच्या सभासद-नोंदवहीची मदत होईल, असे वाटले होते, म्हणून चिटणिसांकडून ती मागून घेतली. तीत प्रत्येक घरासाठी एक ओळ आहे. पहिला रकाना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’, दुसरा ‘पत्ता’, तिसरा ‘एकूण माणसे’. पत्नीच्या, सुनेच्या, लेकीच्या नावास त्या वहीत जागाच ठेवलेली नाही. घरातील प्रत्येक प्रौढ स्त्रीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, तसेच मतदार यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहिण्यासाठी त्या नोंदवहीत नवे रकाने घालावेत, असा लेखी ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. मंडळाच्या गेल्या दोन बैठकांत वेळेअभावी तो पुढे ढकलला गेला. येत्या वार्षिक सभेत तो चर्चेस येणार आहे. ज्या भगिनींचा त्याच्याशी संबंध आहे, त्यांनी सभेस स्वतः उपस्थित राहावे, अशी विनंती आहे.